सगळी वळणं पाठ असलेला भाचा

जगातली झाडून सगळी वळणं पाठ असलेला, आणि तरीही एकट्याला जवळच्या सातपूरला पाठवलं तर संध्याकाळपर्यंत न पोचणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा सख्खा भाचा आहे. बेल्जियममधल्या कुठल्याशा जंगलात चढावर डावीकडे वळताना गाडीचं नाक कुठे धरायचं, हे तो झोपेतून उठवलंत तरी सांगेल. पण "सीबीएस स्टँडवरून पंचवटीत कसं जायचं रे?" असं विचारा, की लगेच खिशातून फोन निघतो. जपानात म्हणे एक असा रस्ता आहे, जो पुलाखालून जातो आणि फिरून त्याच पुलावरून परत येतो. त्या पुलाबद्दल हा अशा आपुलकीनं बोलतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, याचं आजोळ तिकडचंच. आणि आपला गोदावरीवरचा होळकर पूल म्हटलं की, "तो कुठला गं, आत्या?" मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. दिशा, नकाशा, उतार, प्रमाण, सगळं पोरांच्या डोक्यात ओतता ओतता घसा बसला माझा. आणि घरातच हा नमुना निघावा!

माझ्या धाकट्या भावाची, म्हणजे त्याच्या बापाची, मखमलाबादच्या बाजूला फुलशेती आहे. गुलाब, शेवंती, झेंडू. निवृत्त झाल्यावर मी त्याच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या आणि निवांत राहायचं ठरवलं. निवांतपणा राहिला बाजूला, कारण ज्या शेडमध्ये फुलं निवडून करंड्या भरतात, त्याच शेडच्या कोपऱ्यात या पठ्ठ्यानं आपला संसार मांडला होता. भंगारातून आणलेली व्हॅनची सीट, फळ्या ठोकून केलेला सांगाडा, समोर स्टीअरिंग, पायाशी पेडलं आणि पुढ्यात मोठा पडदा. याला सिम्युलेटर म्हणतात, हे मला त्यानंच शिकवलं. कॉलेजातून आला की सॅक फेकायची, त्या सीटवर बसायचं आणि दात-ओठ खाऊन गाडी हाणायची. कपाळावरून घामाच्या धारा, मान कधी इकडे तर कधी तिकडे, आणि शेडभर इंजिनाची घरघर. फुलं निवडणाऱ्या बायका आधी घाबरल्या, मग सरावल्या. एक दिवस त्यातली एक मोठ्या काळजीनं माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, दादा दुपारधरनं गाडी चालवतोय, पर अजून शेडमधीच हाय!"

आता त्याच्या सवयी सांगते, म्हणजे मी काय भोगलंय ते तुम्हाला कळेल. हा मुलगा रस्त्यानं चालताना वळण आलं, की माणसासारखा वळायचा नाही. आधी रस्त्याच्या पार बाहेरच्या कडेला जाणार, तिथून तिरका आत घुसणार, कोपऱ्याला खांदा घासणार आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघणार. एकदा रविवार कारंज्यावर बाजारात माझ्या हातात दोन पिशव्या, आणि हा बाहेरच्या कडेनं आला तो थेट कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या मावशींच्या पुढ्यात. मी ओरडले, "अरे, सरळ चाल ना!" तर मलाच म्हणतो, "आत्या, तू वळणाच्या मधोमध चालतेस. त्यात किती वेळ वाया जातो माहितीय?" मी म्हटलं, "मला कुठं कुणाच्या पुढे जायचंय?" मावशी मात्र शांतपणे जुड्या सारख्या करत म्हणाल्या, "जाऊ द्या हो बाई, वयच हाय वाकडं चालायचं." मग त्याचं ते "कॉपी", म्हणजे शर्यतवाल्यांच्या रेडिओवरचं "समजलं". काहीही काम सांगा, उत्तर एकच. येताना दूध आण: कॉपी. आजोबांच्या फोटोला हार घाल: कॉपी. आरतीला टाळ धर म्हटलं तरी कॉपी. सकाळी उठवायला जावं, तर पांघरुणातून आवाज येणार, "आई, टायर अजून गरम नाही झालेत." शर्यतीत म्हणे टायर गरम झाले, की मगच गाडी रस्ता धरते, आणि पाऊस पडला की टायर बदलतात. माझा भाऊ महिन्यातून चार वाक्यं बोलणारा माणूस, पण एकदा त्यानं रोपांवर पाणी मारायचा पंप आणला, पोराच्या तोंडावर फवारा सोडला आणि म्हणाला, "घे, पाऊस पडला. बदल टायर." त्या महिन्यातली दोन वाक्यं इथं खर्ची पडली.

आणि एवढं सगळं करून या मुलाला गाडी लागते! होय, लागते म्हणजे अगदी रीतसर लागते. मालेगावला लग्नाला निघालो, तर ओझर यायच्या आत पहिली पिशवी आणि चांदवडला दुसरी. लिंबू, ओवा, आलेपाक, ओला रुमाल, हे सगळं सामान त्याची आई देव्हाऱ्यातल्या दिव्याइतकं सांभाळून बरोबर नेते. वणीच्या गडाचा घाट म्हणजे तर आमच्या घरात दरवर्षी नवस फेडल्यासारखा पार पाडायचा प्रकार. नवऱ्या मुलाच्या गाडीत मानानं बसवलेला हा, आणि सगळी वरात रस्त्याच्या कडेला थांबून याची ओकारी संपायची वाट बघतेय, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय. मी एकदा हसत विचारलं, "शर्यतीत कोण पिशवी धरणार रे?" त्यानं अजिबात न हसता सांगितलं, "स्वतः चालवणाऱ्याला लागत नाही, आत्या." त्या वेळी त्यानं आयुष्यात साधी स्कूटीही चालवली नव्हती, पण आत्मविश्वास असा, की विचारू नका.

अकरावीत असताना त्यानं शेडमध्ये बसल्या बसल्या देशभरातल्या पोरांशी कसलीशी ऑनलाइन स्पर्धा खेळली आणि जिंकली. बक्षीस काय, तर खऱ्या गाडीत बसवून चाचणी, आणि चाचणीत बरा निघाला तर मुलांच्या खऱ्या शर्यतीत एक मोसम, तिकडे दक्षिणेत, कोइमतूरला. आधी आम्हाला वाटलं, फसवाफसवी असेल. पण चाचणी झाली, निवड झाली आणि टीमच्या सरांचा फोन आला, की मुलगा लहान आहे, प्रत्येक वेळी घरचं मोठं माणूस बरोबर पाहिजे. आता कोण जाणार? मोसम नेमका दसरा-दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे झेंडूचा ऐन हंगाम. त्या दिवसांत माझा भाऊ स्वतःच्या सावलीलाही भेटत नाही. भावजयीला शेड सोडता येईना. राहता राहिले मी, रिकामी, निवृत्त आणि नकाशा वाचता येणारी. तर आयुष्यात कधी कुणाला ओव्हरटेक न केलेली ही बाई मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन नाशिकरोडहून आगगाडीत बसली, आणि सराव-शर्यती धरून एका वर्षात कोइमतूरच्या इतक्या वाऱ्या केल्या, की तिथला चहावाला मला बिनसाखरेचा चहा न सांगता द्यायला लागला.

मग मी खरी गाडी पाहिली. गाडी कसली, चार चाकं लावलेला आंघोळीचा टब! वर छप्पर नाही, आत बसायचं नाही तर आडवंच व्हायचं, आणि जमीन अशी जवळ, की हात काढला तर खडी वेचता यावी. आमचे चिरंजीव मात्र खुशीत. पहिल्या शर्यतीत दोन-तीन चकरा नीट गेल्या. मग एका वळणावर मागचं चाक घसरलं, गाडी गर्रकन फिरली आणि उलट्या तोंडानं गवतात जाऊन उभी राहिली. गाडीला काही नाही, यालाही काही नाही. नुसतं इंजिन बंद पडलेलं. ते चालू करायचं, तोंड फिरवायचं आणि निघायचं, एवढंच काम. झेंडेवाले हातवारे करून थकले आणि हा आपला शांत बसलेला! नंतर गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण फोनवर पाहिलं तेव्हा उलगडा झाला. त्याचा अंगठा स्टीअरिंगवर एकाच जागी दाबत होता, पुन्हा दाबत होता, पुन्हा दाबत होता. शेडमधल्या त्याच्या स्टीअरिंगवर त्या जागी एक बटण आहे. काही बिघडलं की ते दाबायचं, मग घसरलेलं, आपटलेलं, तुटलेलं सगळं पुसलं जातं आणि शर्यत पहिल्यापासून सुरू होते. सगळे निघून गेल्यावर गाडी दोरानं ओढत आणली, तेव्हा तो खाली उतरून मला म्हणाला, "आत्या, इथे परत सुरू करायचं बटणच नाहीये गं." सरांनी विचारलं, की लडका कर क्या रहा था? मी माझ्या नाशिकच्या हिंदीत सांगितलं, "सर, वो बटन ढूंढ रहा था." सर इतके हसले, की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. घरी शेडमधल्या बायका फोनभोवती जमल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं जाहीर केलं म्हणे, "दादाची गाडी तिथं बी हलंना!"

दुसऱ्या खेपेला मात्र हसण्यासारखं काही घडलं नाही. मागची कसर भरून काढायची म्हणून हा नको तेवढ्या जोरात वळणात शिरला आणि टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळला. मनगट सुजलं, बाकी देवाच्या कृपेनं खरचटलंही नाही. पण गाडीचं नाक चेपलं आणि पुढचं चाक वाकडं झालं. तो बराच वेळ हेल्मेट न काढताच बसून राहिला. सर माझ्याशेजारी आले. तमिळ माणूस, बोलणं थोडकं, हिंदी बेताची. "आंटी, लड़का फास्ट है. पर सिर्फ आँख से चलाता है. गाड़ी बोलती है, वो सुनता नहीं. कंप्यूटर से जो आता है, सब ऐसे ही आता है." मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. पुढच्या वर्षासाठी टीमकडे एकच जागा आहे. शेवटच्या खेपेला तो गाडी धड परत आणतो का, आणि न घाबरता चालवतो का, ते बघून ठरवणार. नाही जमलं, तर त्याचा मोसम इथंच संपला आणि पुन्हा शेड.

परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून तो म्हणाला, "आत्या, मला भीती वाटली. घरी कधीच नव्हती वाटली." खरं सांगू? मला आतून इतकं बरं वाटलं! चला, म्हटलं, कुठेतरी हा मुलगा आपल्यासारखा आहे. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "वाटायलाच पाहिजे. न वाटून कसं चालेल?" पण घरी आल्यावर माझं ते बरं वाटणं चार दिवससुद्धा टिकलं नाही. त्यानं शेडमधल्या पडद्यावर गोणपाट टाकलं. सीटवर बायकांनी करंड्या रचल्या, तर त्यानं त्या तशाच राहू दिल्या. दूध आण म्हटलं, तर "बरं." सकाळी हाकेसरशी उठायला लागला. आणि एकदा मी त्याच्याबरोबर बाजारात गेले, तर वळण आलं आणि हा माझ्या शेजारून, रस्त्याच्या मधोमध, चारचौघांसारखा वळला. मी जागच्या जागी थांबले. जे मी इतकी वर्षं याच्याकडे मागत होते, ते सगळं मला मिळालं होतं, आणि आता मला ते नकोसं झालं होतं. भावजय रात्रंदिवस म्हणायची, "ताई, सोडून दिलेलं बरं हो. कशाला जिवाशी खेळ?" तिचंही खरंच होतं. पण पोराचा चेहरा बघवत नव्हता.

दिवाळीनंतर फुलांची गडबड ओसरली, की आम्ही सगळे जीपनं गडावर जातो. जीप भाऊच चालवतो. दरवर्षी हा मागे, खिडकीला तोंड लावून, मांडीवर पिशवी. त्या वर्षी का कोण जाणे, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. नांदुरीला घाट सुरू व्हायच्या आधी मी म्हटलं, "ऊठ, पुढे बस बापाच्या शेजारी. रस्त्याकडे बघ आणि पुढचं वळण कसं आहे ते मला मोठ्यानं सांग. डोळे मिटायचे नाहीत." तो कुरकुरत पुढे गेला. पहिली काही वळणं मेल्या आवाजात सांगितली. "डावं. उजवं. परत डावं, आत घट्ट होतंय." मग आवाज हळूहळू बदलला. "पप्पा, ब्रेक वळायच्या आधी. आधी! हां, आता सोडा, हळू सोडा." भाऊ तो म्हणेल तसं करत गेला आणि देवाशपथ सांगते, जीप लोण्यातून जावी तशी जायला लागली. भावजय पिशवी उघडून तयारच होती. इतक्यात हा ओरडला, "आत्या, कळलं!" "काय कळलं?" "ढवळायच्या आधी पोटात काहीतरी सरकतं. ते गाडीचं वजन आहे गं! गाडी घसरणार असेल, तर माझ्या पोटाला आधी कळतंय. डोळ्यांना मागनं दिसतंय. शेडमधली सीट हलतच नाही ना, तिथं कळणारच नाही. आणि मी इतके दिवस पोटाला गप्प बस म्हणत होतो!" दर्शन झालं, खाली नांदुरीला आलो, तर म्हणतो, "पप्पा, अजून एकदा वर." भावजय म्हणाली, "अरे, देवी विचारेल, आत्ताच तर गेलात ना?" भावानं जीप वळवली. दुसऱ्या खेपेला पोराला ओकारी आलीच, तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पण रस्त्याच्या कडेला चूळ भरून तोंड पुसत उठला तो हसत उठला, आणि म्हणाला, "टायर गरम झाले."

शेवटच्या शर्यतीला त्यानं सरांना सांगितलं, "सर, आज पेट से चलाऊंगा." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, जणू हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. सुरुवातच खराब झाली. पहिल्याच चकरेत याच्या पुढची गाडी आडवी आली, तिला चुकवायला हा गवतात गेला आणि गोल फिरून उलट्या तोंडानं थांबला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिक पोरानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. सगळ्या गाड्या निघून गेल्या. मी मनात म्हटलं, गेलं, संपलं, पोराचं वर्ष गेलं. आणि तेवढ्यात तो मेकॅनिक तमिळमध्ये काहीतरी किंचाळला. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण आनंदाची किंकाळी कुठल्याही भाषेत कळते. इंजिन चालू होतं! फिरता फिरता यानं क्लच दाबून ते जिवंत ठेवलं होतं. तोंड फिरवून, सगळ्यांच्या मागून, तो निघाला. पुढचं सगळं मला त्या पोराच्या बोटांवरून कळत गेलं. एक गाडी मागे टाकली की तो एक बोट उघडायचा. शर्यत संपली तेव्हा त्याचा एक पंजा पूर्ण उघडा होता आणि दुसऱ्याचा अंगठा वर होता. पहिला नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. कुठंतरी मधला नंबर. पण गाडी अखंड, पोरगं अखंड, आणि हेल्मेट काढल्यावर चेहरा असा, की दृष्ट काढावी.

सरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर हातानं चाचपले, वाकून खाली पाहिलं. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, "आंटी, इसका ग्यारहवीं का एग्जाम कब खतम होता है?" मला वाटलं, माणूस सहज चौकशी करतोय. मी म्हटलं, "मार्च में. क्यों?" तर म्हणाले, "उसके बाद टेस्टिंग रखेगा. नया साल का गाड़ी में." एवढंच बोलून ते चहा घ्यायला निघून गेले. मला क्षणभर कळलंच नाही, आणि ती एकुलती जागा याला मिळाली हे कळलं तेव्हा त्या तेलकट आवारात, सगळ्या जगासमोर, मी पदर डोळ्यांना लावून रडले. पोराला घट्ट धरलं, तर हा म्हणतो, "आत्या, सीटबेल्टनं दुखतायत खांदे." नंतर त्यालाही रडू आलं. मग मी त्याला पराठा भरवला.

या वर्षीच्या मोसमाची तारीख आली तेव्हा मी पिशवी भरायलाच घेतली होती. तर भाऊ दारात येऊन उभा राहिला, बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, "ताई, या बारीला मी जातो त्याच्यासंगं." "आणि झेंडू?" "तू हायेस ना." बाप आहे, त्याचा हक्क आहे. वर्षभर कोइमतूरच्या नावानं बोटं मोडली मी, प्रवासानं कंबर गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं. आणि त्या दोघांना नाशिकरोडला सोडून परत येताना रिक्षात मला इतकं एकटं वाटलं, की रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, बरं नाही का?"

शर्यतीच्या दिवशी पहाटे मी भावाच्या करंड्या घेऊन गणेशवाडीच्या फुलबाजारात उभी राहिले. व्यापाऱ्यांनी बाई नवी आहे म्हणून भाव पाडायला बघितला, त्यांना मी शाळेतल्या आवाजात गप्प केलं. दुपारी शेडमध्ये बायकांबरोबर शेवंती निवडत बसले, पण हाताला फुलं लागत नव्हती. शेवटी फोन वाजला. भाऊच होता. मागे नुसता इंजिनांचा गोंगाट. पोरगा नीट आला, म्हणाला, गाडी नीट आहे, सर खूश आहेत. मग थांबला. महिन्याच्या चारातली तीन वाक्यं त्यानं एका दमात संपवली होती. मला वाटलं, फोन तुटला. तेवढ्यात त्याचा आवाज आला, अगदी लहानपणी पडून आल्यावर यायचा तसा. "ताई, लय जोरात जातंय गं ते. तू हे वर्षभर बघत कशी होतीस?"

"बघत कुठं होते?" मी म्हटलं. "सगळ्या शर्यती डोळे मिटून उभी होते."

पलीकडून एक गाडी घोंगावत गेली. मग हळूच म्हणाला, "मी बी."